बंदूक आपली, काडतूस कोणाचे?

बडोद्याच्या जुन्या कोटाचा पश्चिमेकडील दरवाजा म्हणजे लहरीपुरा. गायकवाडांच्या राजधानीचे हे द्वार पाहिले, म्हणजे त्यांच्या मौल्यवान तोफांची आठवण होते. खंडेरावांनी चांदीच्या, तर मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतविल्या. परंतु राज्याचे बळ तोफेच्या धातूत नसते. ते दारूगोळा कोणाच्या हाती आहे, यावर ठरते.

ठासणीच्या बंदुकीच्या काळी शिपाई या बाबतीत बराच स्वावलंबी होता. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू देशातच होई. शिशाची गोळी घरच्या चुलीवर वितळवून साच्यात ओतता येई. शिंगड्यातील दारू नळीत घालावी, वर गोळी सोडावी आणि गजाने ठासावी, एवढेच काम.

पुढे काडतूस आले. हा शब्दही पोर्तुगिजांकडून आलेला. १८५७ साली कागदी काडतुसानेच वणव्याला ठिणगी दिली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत पितळी काडतूस निघाले. त्याचे रिकामे नळकांडे पुन्हा भरता येई खरे. पण बार पेटविणारी टोपी कारखान्यातूनच आणावी लागे. १८६९ मध्ये खडकीस सरकारी दारूगोळ्याचा कारखाना निघाला, आणि १८७८ च्या कायद्याने ब्रिटिश मुलुखात परवान्यावाचून दारूगोळा बनविणे गुन्हा ठरले. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यानेही परवान्याचे बंधन ठेविले. मात्र तो कायदा लोकप्रतिनिधींनी केलेला.

१८७५ साली इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केले. सोन्याच्या तोफा तेव्हा मुक्याच राहिल्या.