धोतराच्या गावाची निळी-पांढरी जर्सी

विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्या पोरांच्या अंगावर हल्ली इंग्लंडमधल्या फुटबॉल संघांच्या जर्सी दिसतात. करजगीत दिसतात, अफजलपुरात दिसतात, अक्कलकोट-सोलापूरकडे तर जास्तच. कुणाच्या छातीवर विमान कंपनीचे नाव, कुणाच्या पाठीवर आकडा. हा रंग कुठला, असे विचारले तर पोरे दुकानाचे नाव सांगतात! त्यात त्यांचा दोष नाही. आम्हीही ज्या पिढीतले आहोत तिला क्रिकेटपलीकडचे फारसे ठाऊक नव्हते. पण या जर्सींमधली एक अशी आहे की तिचा एक धागा आपल्या आजोबा-पणजोबांच्या धोतरापाशी येतो आणि दुसरा थेट पुण्यात. त्या एका जर्सीची हकिगत या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावी असे वाटले.

इंग्लंडच्या उत्तरेस लँकेशायर नावाचा परगणा आहे. मँचेस्टर त्याच भागातले. त्याच्या उत्तरेला ब्लॅकबर्न हे गाव. एकोणिसाव्या शतकात या गावाचा सगळा श्वास कापडाच्या गिरण्यांवर चालत होता. कापूस समुद्रापलीकडून यायचा, माग ब्लॅकबर्नचे, आणि तयार कापडाचा फार मोठा भाग जहाजाने हिंदुस्थानात. त्यातही ब्लॅकबर्नची खासियत म्हणजे धोतर. काठाचे, बिनकाठाचे, आखूड, लांब, आपल्याकडच्या बाजाराला हवे तसे धोतर तिथले विणकर विणत. ते स्वतः धोतर कधी नेसले नाहीत, पण त्यांची चूल त्यावर पेटत होती. आपल्याकडे जे ‘मँचेस्टरचे कापड’ म्हणून विकले जाई, त्यातले कितीतरी या ब्लॅकबर्नच्या मागांवरून उतरलेले असे.

१८५० साली इंग्लंडमध्ये गिरण्यांविषयी कायदा झाला आणि शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास गिरण्या सुटू लागल्या. कामगाराला आयुष्यात पहिल्यांदा दिवसाउजेडी मोकळा वेळ मिळाला. फुटबॉल आजही शनिवारी दुपारी का खेळतात, याचे उत्तर या कायद्यात आहे. तोवर हा खेळ बड्या घरच्या मुलांच्या शाळांतला. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या संघाने इंग्लंडचा मानाचा एफ. ए. कप जिंकला आणि तोही ईटनच्या माजी विद्यार्थ्यांना हरवून. त्या विजयी संघात विणकर होते, सूतगिरणीत काम करणारे होते. साहेबाच्या पोरांना गिरणीकामगारांनी हरवले, याचा गवगवा किती झाला असेल याची कल्पना करावी.

ऑलिंपिक संघ पुढे बंद पडला. गावात टिकला तो दुसरा, ब्लॅकबर्न रोव्हर्स. १८७५ साली स्थापन झालेला. गंमत अशी की हा कामगारांचा नव्हे, गावातल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ होता. त्यांनी जर्सी ठरवली ती उभी दुभागलेली: एक अर्ध निळे, एक अर्ध पांढरे. सुरुवातीला निळा रंग फिकट होता आणि छातीवर माल्टीज क्रॉस असे. दुसरा संघ वेगळा दिसावा एवढाच त्यामागचा हेतू. त्यापूर्वी तर टोपी किंवा पायमोजे यांच्या रंगावरून आपला-परका ओळखायचा. रोव्हर्सने १८८४ ते १८९१ या काळात पाच वेळा एफ. ए. कप जिंकला आणि शाळेच्या पोरांची ती जर्सी अख्ख्या गिरणीगावाची झाली.

१८८८ साली बारा संघांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली. ठरलेल्या वेळापत्रकाने वर्षभर सामने, आणि शेवटी गुणांवर विजेता. आजचा ‘हंगाम’ ही कल्पना इथून आली. बारापैकी सहा संघ एकट्या लँकेशायरचे होते आणि रोव्हर्स त्यांतला एक. म्हणजे जगातल्या पहिल्या फुटबॉल लीगचा अर्धा भार कापडाच्या पट्ट्याने उचलला होता.

लीग आली आणि रंगांची भांडणे आली. सन्डरलंड आणि वुल्व्हरहॅम्प्टन दोघेही तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांत! चेंडू द्यायचा कुणाला? मग प्रत्येक संघाने आपला रंग लीगकडे नोंदवावा असे ठरले. तेही पुरेना, तेव्हा जवळ दुसरी जर्सी ठेवायची सक्ती झाली. रंग जुळला तर बदलायचे कुणी, याचा त्या काळचा नियम आम्हाला फार आवडतो. यजमान संघाने बदलायचे. पाहुणा आपल्या रंगात खेळणार आणि घरच्यांनी त्याच्यासाठी कपडे बदलायचे! १९२१ साली तो उलटा केला. तेव्हापासून पाहुण्याने बदलावे. प्रवासाला निघताना पेटीत दुसरी जर्सी टाकणे पाहुण्याला जड नाही, हे व्यवहाराला धरूनच आहे, पण जुन्या नियमात आब अधिक होता.

सगळ्यांचेच रंग ठरवून आलेले नाहीत. आर्सेनलचा लाल रंग दानातला आहे. १८८६ साली लंडनच्या तोफखान्यातल्या कामगारांनी संघ काढला तेव्हा कपड्यांना पैसे नव्हते, नॉटिंगहॅम फॉरेस्ट संघाने आपल्या गडद लाल जर्सी त्यांना दिल्या. पांढऱ्या बाह्या १९३३ साली आल्या. लिव्हरपूल आज लालभडक आहे, तो आरंभी निळ्या-पांढऱ्यात खेळे. पाठीवर आकडे १९२८ साली लीगमध्ये पहिल्यांदा दिसले, १९३९ साली सक्तीचे झाले. खेळाडूचे नाव मात्र १९९३ साली आले. तोवर पाठीवरचा नऊ आकडा म्हणजे माणूस नव्हे, जागा. नऊ नंबरची जर्सी आज याच्या अंगावर, उद्या त्याच्या.

इकडे धोतराचे काय झाले ते पाहू. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीचे वारे सुटले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. तरुण सावरकर त्यात पुढे होते आणि लोकमान्य टिळक हजर होते. त्या ढिगात ब्लॅकबर्नच्या मागावरचे धोतर नसेल असे मानणे कठीण आहे. देशी गिरण्या तोवर उभ्या राहिल्याच होत्या. सोलापूरची जुनी गिरणी आणि कलबुर्गीची महबूबशाही गिरणी, जिला आजही सारे ‘एमएसके मिल’ म्हणतात, या आपल्या डोळ्यांसमोरच्या. पहिल्या महायुद्धानंतर लँकेशायरचा हिंदुस्थानातला बाजार झपाट्याने घसरला. गिरण्या बंद पडू लागल्या, हजारो हात रिकामे झाले. १९२८ साली रोव्हर्सने सहाव्यांदा एफ. ए. कप जिंकला तो अशा पडत्या काळात.

१९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरात गेले. ब्लॅकबर्नजवळच्या डार्वेन गावात कामगारांना भेटले. ज्यांच्या मालावर बहिष्कार घातला त्यांच्याच दारात जाणे सोपे नव्हते. तिथल्या गिरणीतल्या बायकांनी त्यांना घेरून जल्लोष केला, त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. आपल्या देशातली गरिबी याहून कितीतरी भयंकर आहे, हे त्यांनी त्या बेकार माणसांना समजावून सांगितले आणि त्यांनी ते ऐकून घेतले. गिरणी मिटल्यावर गावाला काय उरते, हे सोलापूर आणि कलबुर्गीच्या जुन्या लोकांना सांगायला नको. ब्लॅकबर्नला उरली ती जर्सी.

पुढे जर्सीवर तिसराच माणूस आला, तो म्हणजे जाहिरातदार. १९७९ साली लिव्हरपूलच्या छातीवर हिताची हे जपानी नाव झळकले. पहिल्या श्रेणीतला हा पहिला संघ. १९८३ पर्यंत दूरदर्शनवर सामना दाखवायचा तर असे नाव चालत नसे. आज छातीवर नाव नाही असा संघ शोधावा लागतो. सट्टेबाजीच्या कंपन्यांची नावे एवढी झाली की २०२५-२६ च्या हंगामानंतर ती छातीवर नकोत, असे संघांनीच २०२३ साली ठरवले. आपल्याकडेही मंडळाच्या टी-शर्टवर देणगीदाराचे नाव किती मोठे असावे, यावर बैठका रंगतात. आमचे मत विचाराल तर छाती मंडळाची आणि पाठ देणगीदाराची.

जर्सी विकण्याचा धंदाही वाढला. दरवर्षी नवी घरची, नवी बाहेरची, शिवाय एक तिसरी. यात कधी फजितीही होते. १३ एप्रिल १९९६ रोजी मँचेस्टर युनायटेड साउदॅम्प्टनला करड्या जर्सीत खेळत होते. मध्यंतरापर्यंत तीन गोल अंगावर. मध्यंतरात संघाने जर्सीच बदलली आणि सामना ३-१ असा गमावला. गर्दीच्या पार्श्वभूमीवर करड्या रंगात एकमेकांना ओळखू येत नाही, असे गुरू फर्ग्युसन म्हणाले. त्या जर्सीत ते पाच सामने खेळले आणि एकही जिंकले नाहीत. शंभर वर्षांपूर्वी जर्सी कशासाठी आली होती तेच विसरले गेले, दुसरे काय!

पैसा आला तसे मालकही दूरचे आले, आणि रंग कुणाचा हा प्रश्न उभा राहिला. २०१० साली अमेरिकन मालकांवर नाराज झालेले मँचेस्टर युनायटेडचे प्रेक्षक लाल सोडून हिरवे-पिवळे मफलर घालून मैदानात बसले. तो रंग संघाचे मूळ नाव न्यूटन हीथ होते तेव्हाचा. मालकाला रंगानेच उत्तर. कार्डिफचे त्याहून वाईट. या वेल्समधल्या संघाचे टोपणनावच ‘ब्लूबर्ड्स’, म्हणजे निळे पक्षी. २०१२ साली मलेशियन मालकाने त्यांना लाल केले. २०१३-१४ चा हंगाम ते पहिल्या श्रेणीत लाल रंगात खेळले आणि तळाला जाऊन बाहेर पडले. लोकांनी विरोध सोडला नाही. जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला.

आता पुणे. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे आपल्या ओळखीच्या ‘वेंकीज’वाल्यांनी, ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. किंमत सुमारे २ कोटी ३० लाख पौंड. पहिल्या श्रेणीतला इंग्लिश संघ भारतीयांच्या ताब्यात येण्याची ही पहिलीच वेळ. जिथे विलायती कापडाची होळी झाली त्या शहरातल्या कोंबडीच्या उद्योगाने, धोतराच्या गावाची जर्सी घेतली! संघ तसा लहानसहान नव्हता. जॅक वॉकर या गावच्याच पोलाद-उद्योजकाच्या पैशावर १९९४-९५ साली त्याने सगळ्या इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवले होते.

पुण्यात तेव्हा अभिमानाने बोलले गेले. ऑक्टोबर २०११ मध्ये रोव्हर्सचा संघ पुण्याला आला आणि बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळून ३-० असा जिंकला. निळी-पांढरी जर्सी मराठी मातीवर अशी प्रत्यक्ष धावली. त्या हंगामात जर्सीच्या छातीवर प्रिन्स चार्ल्स यांनी स्थापन केलेल्या तरुणांसाठीच्या धर्मादाय संस्थेचे, प्रिन्सेस ट्रस्टचे नाव होते, मालकांचे नव्हे. कंपनीच्या दूरचित्रवाणी जाहिरातीत मात्र रोव्हर्सचे खेळाडू कोंबडीच्या तंगड्या खाताना दाखवले आणि गावकऱ्यांना ती थट्टा वाटली.

मैदानावर हाल होते. मालकांनी येताच डिसेंबर २०१० मध्ये अनुभवी प्रशिक्षक सॅम अॅलर्डाइस यांना काढले होते आणि प्रेक्षकांचा राग तिथूनच सुरू झाला. डिसेंबर २०११ च्या अखेरच्या दिवशी मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ३-२ असे हरवले, एवढाच काय तो आनंद. ७ मे २०१२ रोजी घरच्या मैदानावर विगनविरुद्ध सामना होता. त्या सामन्यात कुणीतरी एक जिवंत कोंबडी रोव्हर्सचे निशाण गुंडाळून मैदानात सोडली. खेळाडू आणि कोंबडी दोघेही धावू लागले. मालकांचा धंदा आणि गावाचा रंग एकाच पाखराच्या अंगावर! विगनने १-० ने सामना जिंकला आणि रोव्हर्स ३१ गुणांसह एकोणिसाव्या स्थानावर राहून पहिल्या श्रेणीतून बाहेर पडले.

आम्हाला दोन्ही बाजू कळतात. पैसे घालणाऱ्याला आपली छाप दिसावी असे वाटते, आणि पिढ्यान् पिढ्या तिकीट काढून पावसात उभे राहणाऱ्याला वाटते की हा संघ विकत घेता येतच नाही. पुण्याच्या मालकांच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. कार्डिफच्या मालकाने जे केले ते त्यांनी केले नाही. प्रेक्षक शिव्या देत राहिले, २०१७ साली संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला, पुढच्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीत परतला, छातीवरची नावे हंगामागून हंगाम बदलली. पण जर्सी तीच आहे, उभी दुभागलेली, अर्धी निळी आणि अर्धी पांढरी.