काळ्या गाडीवरचे जाळे



माझ्या हाताखाली इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या एका विद्यार्थ्याने तालुक्याच्या गावी गाड्या धुण्याचे व पॉलिश करण्याचे दुकान काढले. नोकरी लागेना, म्हणून वडिलांनी दोन म्हशी विकून भांडवल दिले होते. पहिल्याच महिन्यात एका बागाईतदाराची काळी गाडी आली. याने फिरत्या मशीनने ती अशी चमकवली की, मालकाने सावलीत तिच्यात बघून मिशा नीट केल्या. दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात उभी राहिली आणि बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने विणावे तसे रेघांचे जाळे दिसू लागले. मालक तणतणत परत आला. याने पुन्हा मशीन लावली, या खेपेस जोर देऊन. तर कडेचा रंगच उडाला. बॉनेट पदरच्या पैशाने रंगवून द्यावे लागले, त्यात एक म्हैस गेली म्हणा ना!

"सर, एवढं गुळगुळीत केलं, मग रेघा आल्या कुठून?" असे तो मला विचारू लागला. मी पडलो इतिहासाचा मास्तर. पण या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो मोठा जुना आहे.

सर आयझॅक न्यूटन यांनी १६६८ साली परावर्तक दुर्बीण केली, तेव्हा तिचा धातूचा आरसा त्यांनी स्वतःच्या हाताने घोटला. पुढे १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात त्यांनी काचेच्या घोटाईविषयी जे लिहिले त्याचा आशय असा : घोटणे म्हणजे ओरखडणेच. पूड जितकी बारीक तितके ओरखडे बारीक. ते इतके सूक्ष्म झाले की डोळ्यांना दिसेनासे होतात, आणि आपण म्हणतो, चकाकी आली. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज बील्बी या शास्त्रज्ञाने निराळे मत मांडले. घोटताना धातूचा वरचा थर द्रवासारखा वाहतो आणि खाचा भरून निघतात, असे ते मत. आणि ते बरीच वर्षे चालले. पुढे सूक्ष्मदर्शकांनी बहुतेक बाबतींत न्यूटनचीच बाजू खरी ठरविली. आमच्या विद्यार्थ्याने ओरखडे पुसले नव्हते. मोठे काढून त्यांच्या जागी मधले पाडले होते.

मग पांढऱ्या गाडीवर ते का दिसत नाहीत? शिक्षकबंधूंनी वर्गातली पाटी आठवावी. काळ्या पाटीवर खडूची पुसट रेघही उठून दिसते. पांढऱ्या भिंतीवर तीच ओढा, कोणी बघणार नाही. पांढरा रंग आपल्यावर पडलेला उजेड चोहोकडे उधळतो, त्या उजेडात ओरखड्याची चमक बुडून जाते. काळा रंग उजेड गिळतो, म्हणून ओरखड्यावरून उसळलेली तिरीप एकटी पडते. जाळे गोल का दिसते, हे पाहायचे तर घासून घासून जुनी झालेली स्टीलची थाळी दिव्याखाली धरा. तिच्यावरच्या रेघा वाटेल तशा गेलेल्या असतात; परंतु दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वळसा घातल्यासारख्या पडलेल्या रेघाच आपल्या डोळ्याकडे उजेड फेकतात. थाळी सरकवा, वर्तुळेही सरकतील! फिरत्या मशीनच्या रेघा मात्र खरोखरच कमानीसारख्या असतात.

आता ही मशीन गाडीवर आली कशी? फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' गाडी १९१४ ते १९२५ या काळात काळ्या रंगातच मिळे. तो रंग डांबराच्या जातीचा, भट्टीत भाजून पक्का केलेला. स्वस्त आणि टिकाऊ. इतर रंगांच्या गाड्यांवर जुन्या घोडागाड्यांप्रमाणे रोगणाचे हात चढवीत, आणि ते वाळण्यात आठवडेच्या आठवडे जात. मग १९२३ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीचे 'ड्यूको' आले. हे नायट्रोसेल्यूलोजचे, म्हणजे ज्या कुळातून बंदुकीची दारू होते त्याच कुळातले लॅकर. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ते प्रथम निळ्या रंगात चढले. आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडचे फर्निचरवाले अजून 'ड्यूको मारला' म्हणतात, ते नाव तिथले.

पण ड्यूकोत एक खोट होती. फवारल्यावर ते निस्तेज दिसे. घासून घोटल्याशिवाय चमक येत नसे. हाताने किती गाड्या घोटणार? विजेवर चालणारी हातातली यंत्रे तोवर निघालीच होती. त्यांना लोकरीची गादी बसवून हे काम होऊ लागले. अठरा सेंटिमीटर व्यासाची गादी मिनिटाला २,००० फेरे घेऊ लागली, तर तिची कड ताशी जवळजवळ ६८ किलोमीटर वेगाने रंगावरून धावते. एकाच जागी, एकाच दिशेने. त्यात गादीला धुळीचा कण चिकटलेला असला म्हणजे झालेच.

पूर्वी लॅकर जाड असे, चुका खपून जात. १९८० नंतर रंगावर पारदर्शक थर देण्याची रीत सर्रास झाली. हा 'क्लिअरकोट' बहुधा ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाहून पातळ! प्रत्येक घोटाईत त्यातले काही खर्ची पडते, आणि कडांवर तो मुळातच कमी असतो. विद्यार्थ्याची मशीन कडेवर दाबली गेली ती इथेच.

नव्या मशीनची चकती आपल्या आसाभोवती मोकळी फिरते आणि तो आसही मध्यापासून बाजूला ठेवलेला असतो. त्यामुळे गादी फिरते आणि डुलतेही. एकच वाट पुन्हा पुन्हा धरत नाही, कमानी उमटत नाहीत, रंग फारसा तापत नाही. कापते मात्र सावकाश, आणि जोर दिला की फिरायची थांबते. जोराने काम करणाऱ्याला ही मशीन आवडत नाही, असे मी पाहिले आहे.

विद्यार्थ्याने आता ती घेतली आहे, हप्त्यावर. गाडी आली की आधी धुतो. कोरड्या फडक्याने धूळ पुसू देत नाही, कारण निम्मे जाळे त्या फडक्याचेच असते. मग हातभर जागेवर सर्वांत सौम्य मसाला आणि मऊ गादी लावून बघतो; रेघा न गेल्या तरच पुढची पायरी. कडांना चिकटपट्टी, आणि दर थोड्या वेळाने गादी साफ. शेवटी स्पिरिटच्या पाण्याने पुसून तिरपा दिवा धरतो, कारण पॉलिशमधले तेल खाचांत बसून रेघा झाकते आणि दोन धुण्यांनंतर त्या पुन्हा वर येतात. पहिल्या दिवशी मिशा दिसल्या त्या तेलाच्या कृपेने!

बागाईतदार अजून त्याच्याकडे येत नाही. पण भंगारातून आणलेले एक काळे बॉनेट त्याने दुकानामागे विटांवर ठेवले आहे. कामाला लागलेल्या नव्या पोराच्या हाती मशीन आधी तिथे देतो.