चौथे शील

बुद्धविहारांत वंदनेला म्हणतात त्या पंचशीलातले हे चौथे शील. त्याचा पाली पाठ खोटे न बोलण्यापुरता आहे. चहाडी, कठोर शब्द आणि वायफळ बडबड टाळणे हे अष्टांगिक मार्गातल्या सम्यक् वाचेत येते. कोणी दोन्ही एकत्र केले, तरी गावात घरे फुटतात ती चहाडीनेच, तेव्हा त्याला चूक कशी म्हणावी? डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. ‘गोडच बोलावे’ असा मात्र या शीलाचा अर्थ नव्हे. मज्झिमनिकायातल्या अभयराजकुमार सुत्तात मांडीवरच्या बाळाने तोंडात घातलेला खडा रक्त आले तरी काढावाच लागतो, असा दाखला आहे; खरे आणि हिताचे बोलणे अप्रिय असले तरी तथागत ते वेळ पाहून बोलतात.