भाड्याची खोली : गिरगाव ते मुनिरका

सार्वजनिक गणेशोत्सवाचा इतिहास सांगताना आपण लोकमान्य टिळकांचे नाव घेतो, ते योग्यच आहे. पण १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत जो उत्सव सुरू झाला, तो बसवला भाडेकरूंनी, हे सहसा कोणी सांगत नाही. आपला उत्सव भाड्याच्या खोल्यांतून वाढला. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहणारे आपणही एका अर्थाने भाडेकरूच. मात्र निवृत्ती जवळ आली की अनेक सहकारी विचारतात, "द्वारकेला कर्ज काढून एखादा फ्लॅट घ्यावा आणि भाड्याने द्यावा का?" मला या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरच्या इतिहासात सापडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या पणजोबांनी १९३४ साली गिरगावात बारा खोल्यांची दुमजली चाळ बांधली. त्यासाठी पणजीचे दागिने आणि कोकणातली कलमांची बाग गहाण पडली. गृहकर्ज आज जसे सहज मिळते, तसे तेव्हा नव्हते. एच. टी. पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली ती १९७७ मध्ये. खोलीला आठ रुपये भाडे, म्हणजे महिन्याला शहाण्णव रुपये. त्यातून व्याज, पालिकेचा कर आणि दर पावसाळ्याआधीची डागडुजी भागत असे.

पुढे दुसरे महायुद्ध आले. मुंबईत माणसांची रीघ लागली आणि जागा मिळेना. मालकांनी अडवून भाडे वाढवू नये म्हणून निर्बंध आले. पहिल्या महायुद्धातही १९१८ साली असा कायदा झालाच होता. मग १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. त्या कायद्याने लाखो गिरणी कामगार आणि कारकुनांच्या डोक्यावरचे छप्पर वाचवले, हे मान्य केलेच पाहिजे. पण थोड्या वर्षांसाठी केलेल्या या कायद्याला पुनःपुन्हा मुदतवाढ मिळत गेली. सिमेंट, लाकूड, गवंड्याची मजुरी सगळे वाढले. भाडे, किरकोळ वाढी सोडल्या तर, तिथेच राहिले.

यातूनच 'पागडी' फोफावली. जुना भाडेकरू खोली सोडताना नव्याकडून मोठी रक्कम घेई आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला मिळे. आजोबा अशा पैशाची वाट पाहत आणि तो आला की जिना दुरुस्त करीत. १९६७ च्या पावसात मात्र चाळीचा मागचा सज्जा कोसळला. भाडेकरूंपैकी एका आजींचा पाय कायमचा अधू झाला. माझे वडील तेव्हा दहा वर्षांचे होते. "मालक भाडे खातो आणि सज्जा पाडतो," असे त्यांना शाळेत ऐकावे लागले. त्या वर्षीही आजोबांनी गणपतीची पहिली वर्गणी दिली, पण आरतीला ते खाली उतरले नाहीत. काही वर्षांनी चाळ विकली गेली.

अशा पडझडी साऱ्या शहरात होत होत्या. म्हणून १९६९ मध्ये कायदा करून जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवला गेला. अशा इमारती एकोणीस हजारांहून अधिक भरल्या. भाडे गोठवणे आता अवाजवी ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र कायदा लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ आणि पागडीला मान्यता मिळाली.

दिल्लीचा कायदा १९५८ चा. १९८८ च्या दुरुस्तीने साडेतीन हजारांवरील मासिक भाडे त्यातून वगळले. १९९५ चा नवा कायदा संसदेत मंजूर झाला, पण व्यापारी भाडेकरूंच्या विरोधामुळे कधीच अमलात आला नाही. आणि आउटर रिंग रोडपलीकडे आपले मुनिरका! शेतजमिनी वसाहतींसाठी संपादित झाल्या, तेव्हा गावकऱ्यांनी लाल डोऱ्यातल्या घरांवर मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या. अशा जागांना बँका सहसा कर्ज देत नसत, म्हणून भांडवल मोबदल्याचे आणि घरचे. चुकते करायला हप्ता नाही, हे त्यांचे खरे बळ.

आपले तसे नाही. समजा, पन्नास लाखांचा फ्लॅट आणि चाळीस लाखांचे कर्ज, नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी. हप्ता सुमारे छत्तीस हजार, भाडे पंधरा हजार. वर्षात एक महिना जागा रिकामी धरली तर भाडे एक लाख पासष्ट हजार. सोसायटीचे चोवीस आणि दुरुस्तीचे सोळा हजार वजा करा. हाती उरतात सव्वा लाख, म्हणजे किमतीच्या अडीच टक्के. किंमत वाढेल ही आशा असते, पण हप्ता आशेवर भरता येत नाही. म्हणून कर्ज थोडे घ्यावे, करार लेखी करावा, पोलीस पडताळणी करावी आणि दुरुस्तीचे पैसे पहिल्या भाड्यापासून वेगळ्या खात्यात टाकावेत.

रुळाखालची खडी भरणे थांबवले तर गाडी त्याच दिवशी घसरत नाही, हे आम्ही रेल्वेवाले जाणतो. घराचेही तसेच आहे. आमच्या चाळीत कायदा, मालक आणि भाडेकरू तिघांनीही दुरुस्तीचा खर्च दुसऱ्यावर सोडला होता, आणि त्याचे मोल त्या आजींनी दिले. आपल्यापैकी जे कोणी उद्या मालक होतील, त्यांनी सोळा हजारांची ती ओळ हिशेबातून खोडू नये, एवढीच गणरायाचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!