कार्टून नेटवर्क

कार्टून नेटवर्क : कार्टून दाखवणारी अमेरिकन केबल दूरचित्रवाणी वाहिनी. अटलांटा (जॉर्जिया राज्य) येथील टर्नर ब्रॉडकास्टिंग सिस्टिम या कंपनीने ती १ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू केली. बेटी कोहेन या तिच्या पहिल्या अध्यक्ष. जुन्या चित्रफितींचे कोठार हे वाहिनीचे मूळ भांडवल होते. पुढे तिने स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि जगभर शाखा काढल्या.

पार्श्वभूमी : वाहिनीचे संस्थापक टेड टर्नर यांनी १९८६ मध्ये एमजीएम ही हॉलिवूडची चित्रपटसंस्था विकत घेतली. कर्जाच्या बोज्यामुळे तिचा बराचसा भाग त्यांना लवकरच विकावा लागला. चित्रपटांचा संग्रह मात्र त्यांनी हातचा सोडला नाही. टॉम अँड जेरीचे लघुपट, वॉर्नर ब्रदर्सची १९४८ पूर्वीची रंगीत कार्टून आणि पॉपायचे जुने लघुपट हे सारे त्यात होते. १९९१ मध्ये टर्नर यांच्या कंपनीने एका भागीदारासह हॅना-बार्बेरा ही संस्था विकत घेतली आणि योगी बेअर, फ्लिंटस्टोन्स, स्कूबी-डू यांच्या मालिका या संग्रहात आल्या.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनीच १९४० मध्ये एमजीएममध्ये टॉम अँड जेरीला जन्म दिला होता व त्या लघुपटांनी सात ऑस्कर मिळवले होते. १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभाग बंद केल्यावर दोघे दूरचित्रवाणीकडे वळले. तेथे पैसा कमी आणि मुदत तोकडी, म्हणून त्यांनी कमीत कमी चित्रांत काम भागवण्याची पद्धत बसवली. योगी बेअरच्या गळ्यातली कॉलर ही त्याच काटकसरीची खूण. कॉलरमुळे डोके धडापासून वेगळे काढता येई; मग धडाचे एकच चित्र तसेच ठेवून फक्त डोके आणि तोंड हलवले की पात्र बोलू लागे. एमजीएमची भरगच्च रेखाटनाची कार्टून आणि हॅना-बार्बेराच्या या काटकसरी मालिका नव्या वाहिनीवर शेजारी शेजारी आल्या.

स्वतंत्र निर्मिती : सुरुवातीला नवे काही करण्यासाठी फारसा पैसा नव्हता, तेव्हा जुन्याचेच नवे करण्यात आले. एप्रिल १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट’ या कार्यक्रमात १९६६ च्या मालिकेतील अंतराळवीराची जुनी चित्रे कापून, पुन्हा जोडून त्याला मुलाखतकार बनवले होते. पाहुणे खरे, चित्रित केलेले. प्रश्न विचारणारा सुमारे तीस वर्षांपूर्वीचा कार्टूननायक. हा विनोद मोठ्यांनाही भावला.

फेब्रुवारी १९९५ पासून दाखवण्यात आलेला ‘वर्ल्ड प्रीमियर टून्स’ (पुढे ‘व्हॉट अ कार्टून!’) हा उपक्रम निर्णायक ठरला. हॅना-बार्बेराचे तत्कालीन प्रमुख फ्रेड सायबर्ट यांची ही कल्पना. संपूर्ण मालिकेवर पैसा लावण्याऐवजी सुमारे सात मिनिटांचे ४८ स्वतंत्र लघुपट तयार करायचे, प्रत्येकाची सूत्रे त्याच्या मूळ चित्रकाराकडेच ठेवायची आणि लोकांना जे रुचेल त्याची मालिका करायची, अशी योजना होती. तिच्यातून गेंडी टार्टाकोव्हस्की यांची ‘डेक्सटर्स लॅबोरेटरी’ (१९९६), व्हॅन पार्टिबल यांची ‘जॉनी ब्राव्हो’ (१९९७), डेव्हिड फाइस यांची ‘काउ अँड चिकन’ (१९९७), क्रेग मॅक्रॅकन यांची ‘द पॉवरपफ गर्ल्स’ (१९९८) आणि जॉन डिलवर्थ यांची ‘करेज द कॉवर्डली डॉग’ (१९९९) या मालिका निघाल्या. टार्टाकोव्हस्की आणि मॅक्रॅकन हे कॅलिफोर्नियातील कॅलआर्ट्स या कलासंस्थेचे विद्यार्थी. डेक्सटर आणि पॉवरपफ मुली ही दोघांची पात्रे मुळात तेथील विद्यार्थिदशेतल्या चित्रपटांतली.

विस्तार : ऑक्टोबर १९९६ मध्ये टर्नर यांची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली आणि वॉर्नर ब्रदर्सची १९४८ नंतरची कार्टूनही एकाच मालकाखाली आली. मार्च १९९७ मध्ये मारधाडीच्या मालिका आणि जपानी ॲनिमे यांच्यासाठी ‘टूनामी’ हे सदर सुरू झाले. जुन्या कार्टूनसाठी १ एप्रिल २००० रोजी ‘बूमरँग’ ही वेगळी वाहिनी निघाली. मूळ वाहिनीवर नव्या मालिकांची गर्दी झाल्याने जुन्यांना निराळे घर द्यावे लागले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील बरबँक येथे कार्टून नेटवर्क स्टुडिओज सुरू झाला. २००१ मध्ये विल्यम हॅना यांच्या निधनानंतर हॅना-बार्बेराचा स्वतंत्र स्टुडिओ संपुष्टात आला.

२ सप्टेंबर २००१ पासून रात्री मुले झोपल्यानंतरचा वेळ ‘ॲडल्ट स्विम’ या प्रौढांच्या सदराला देण्यात आला. पुढे प्रेक्षकसंख्या मोजताना हे सदर स्वतंत्र वाहिनी म्हणून धरले जाऊ लागले. त्याच्याच एका मालिकेच्या जाहिरातीमुळे २००७ मध्ये वाहिनी अडचणीत आली. बोस्टन शहरात लावलेल्या विजेच्या दिव्यांच्या पाट्या बॉम्ब असाव्यात या संशयाने ३१ जानेवारीला शहरातले काही रस्ते आणि पूल बंद करावे लागले. कंपनी आणि तिच्या जाहिरात संस्थेने भरपाईपोटी वीस लाख डॉलर दिले, तर वाहिनीचे प्रमुख जिम सॅम्पल्स यांनी राजीनामा दिला.

‘बेन १०’ (२००५) ही त्या दशकातील सर्वांत यशस्वी मालिकांपैकी एक. खेळणी आणि चित्रपट यांच्या रूपानेही ती पसरली. २००९ मध्ये कार्टून सोडून खऱ्या माणसांचे कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला, पण तो टिकला नाही. त्यानंतर ‘ॲडव्हेंचर टाइम’ (२०१०), ‘रेग्युलर शो’ (२०१०) आणि ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ (२०१३) या मालिकांनी वाहिनीला दुसरा बहर आणला. पेंडल्टन वॉर्ड यांची ‘ॲडव्हेंचर टाइम’ ही मालिका निकलोडियन या प्रतिस्पर्धी वाहिनीने नाकारलेली होती. तिचा मूळ लघुपट पुन्हा सायबर्ट यांच्याच संस्थेत तयार झाला होता.

भारतातील वाहिनी : भारतात कार्टून नेटवर्क १ मे १९९५ रोजी आले. तेव्हा एकाच वाहिनीवर दिवसा कार्टून आणि रात्री ‘टीएनटी’चे जुने हॉलिवूड चित्रपट अशी वाटणी होती. ठरलेली वेळ झाली की कार्टून थांबे आणि त्याच जागी मोठ्यांचा चित्रपट लागे. २००१ मध्ये वाहिनी चोवीस तासांची झाली. आरंभी इंग्रजीत असलेले प्रक्षेपण नंतर हिंदी आणि तमिळमध्येही होऊ लागले. महाराष्ट्रात शहरी घरांतील एका पिढीला केबलवरच्या हिंदी कार्टूनचीच सवय लागली. ‘तेनाली रामन’ (२००३) ही वाहिनीवरची आरंभीच्या भारतीय ॲनिमेशन मालिकांपैकी एक. १ जानेवारी २००४ रोजी टर्नर यांच्याच कंपनीने ‘पोगो’ ही दुसरी बालवाहिनी काढली. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड स्टुडिओची ‘छोटा भीम’ ही मालिका २००८ पासून ‘पोगो’वरच दाखवली गेली.

अलीकडील काळ : २०१८ मध्ये एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने टाइम वॉर्नर विकत घेतली आणि एप्रिल २०२२ मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी ही नवी कंपनी अस्तित्वात येऊन वाहिनी तिच्याकडे गेली. मुले केबल सोडून इंटरनेटवरील सेवांकडे वळत होती आणि खर्चात कपात सुरू होती. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीच्या एचबीओ मॅक्स या सेवेवरून अनेक ॲनिमेशन मालिका काढून टाकण्यात आल्या. त्याच वर्षी कार्टून नेटवर्क स्टुडिओज आणि वॉर्नर ब्रदर्स ॲनिमेशन यांचे कामकाज एकत्र करण्यात आले आणि २०२३ मध्ये बरबँकची इमारत रिकामी झाली. स्टुडिओचे नाव मात्र कायम राहिले. प्रौढांचे सदर २०२३ मध्ये रात्रीवरून संध्याकाळपर्यंत अलीकडे सरकले, तितकी मुलांची वेळ घटली. २०२४ मध्ये वाहिनीचे अमेरिकेतील संकेतस्थळ बंद झाले. तेथे जाणारे प्रेक्षक कंपनीच्या मॅक्स (एचबीओ मॅक्सचे तेव्हाचे नाव) या सेवेकडे वळवले जाऊ लागले. मार्च २०२५ मध्ये मॅक्सवरून लूनी टून्स या वॉर्नर ब्रदर्सच्या जुन्या कार्टूनमालिकेचे मूळ लघुपटही हटवण्यात आले. १९९२ मध्ये वाहिनीचा आरंभ ज्या जुन्या संग्रहाच्या बळावर झाला, त्यातील काही लघुपटही या कपातीतून सुटले नाहीत.