हात वाकवायचा की हत्यार?

विज्ञानाच्या इतिहासात दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक यांना मानाचे पान मिळते. न्हाव्याच्या धोकटीतल्या कात्रीकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. तरीही या साध्या अवजाराच्या मुठीत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. माणसाने अवजाराशी जुळवून घ्यायचे, की अवजार माणसाच्या हाताला जुळेल असे घडवायचे? हा प्रश्न नीट विचारला जायलाच अडीचशे वर्षे लागली. ती कशी, हे आपण पाहू.

सुरुवात इटलीत होते. बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला काय होते, केव्हापासून होते, असे प्रश्न हिपोक्रेटिसच्या काळापासून विचारले जात होते. रामाझिनीने त्यांत एका प्रश्नाची भर घातली : ‘तुम्ही काम कोणते करता?’ १७१३ साली ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती निघाली. तीत लेखनिकांवर एक प्रकरण आहे. सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि मनावरचा ताण अशी त्यांच्या दुखण्याची तीन कारणे त्याने दिली. आपल्या ओळखीच्या एका लेखनिकाची हकीकतही त्याने सांगितली आहे. या माणसाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. तो डाव्या हाताने लिहायला शिकला, तर काही काळाने त्या हातालाही तेच दुखणे जडले. हाताचा दोष असता, तर दुसरा हात वाचायला हवा होता. दोष कामाच्या पद्धतीत होता, हे या हकीकतीतून स्पष्ट दिसते.

हा धडा वैद्यकाने लवकर गिरवला नाही. ब्रिटनमध्ये तारयंत्रावर दिवसभर बोटे आपटणाऱ्या कर्मचाऱ्यांचे हात आखडू लागले. १९०८ साली या दुखण्याला नुकसानभरपाईस पात्र अशा रोगांच्या यादीत स्थान मिळाले. परंतु १९११ साली चौकशी समितीने अहवाल दिला, तेव्हा वारंवार येणाऱ्या थकव्याच्या जोडीला कर्मचाऱ्याच्या मज्जासंस्थेचा दुबळेपणा हेही कारण म्हणून मांडले. काम आणि यंत्र तसेच राहिले, बोट मात्र माणसाकडे दाखवले गेले.

दुखते नेमके कुठे, याचा एक धागा त्याआधीच हाती आला होता. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केरव्हँ याने १८९५ साली अंगठ्याच्या मुळाशी होणाऱ्या एका दुखण्याचे वर्णन केले. अंगठा बाजूला नेणाऱ्या व ताठ करणाऱ्या स्नायूंचे दोन स्नायुरज्जू मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. मनगट सरळ असेल तर ते सहज सरकतात. ते करंगळीकडे झुकले की हे दोर बोगद्याच्या काठावर ताणले जातात. अशा स्थितीत अंगठा पुन्हा पुन्हा हलवत राहिले, तर त्यांचे आवरण जाड होते आणि प्रत्येक हालचाल दुखू लागते. कपडे पिळणाऱ्या धोबिणींमध्ये हे दुखणे इतके ओळखीचे होते, की इंग्रजीत त्याला त्यांच्याच नावाने ओळखत.

आता केस कापणारा हात आठवून पाहा. कात्रीचे एक पाते स्थिर असते. त्याच्या कडीत अनामिका असते. दुसरे पाते एकटा अंगठा हलवतो, तेही दिवसातून हजारो वेळा. जुन्या धर्तीच्या कात्रीत दोन्ही दांडे सारख्या लांबीचे असतात. त्यामुळे अंगठ्याला तळहात ओलांडून अनामिकेसमोर जावे लागते. मानेजवळचे केस कापताना मनगट वाकते, कोपर वर उचलले जाते. म्हणजे स्नायुरज्जूंना नको असलेली प्रत्येक स्थिती इथे हजर असते.

यावर उपाय शोधणाऱ्या शास्त्राला ‘एर्गोनॉमिक्स’ हे नाव पोलंडच्या वोयचेख यास्त्झेम्बोव्स्की याने १८५७ सालीच दिले होते. ‘एर्गॉन’ म्हणजे काम आणि ‘नोमोस’ म्हणजे नियम. पण ते नाव विस्मरणात गेले. १९४९ साली ब्रिटनमध्ये ह्यूवेल मरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा रूढ केले. दुसऱ्या महायुद्धात यंत्रे चालवणाऱ्या माणसांचा अभ्यास करावा लागला होता. त्या अनुभवातून हे शास्त्र उभे राहिले.

त्याचा प्रत्यय अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कारखान्यात आला. तिथे तारा जोडणाऱ्या नवशिक्या कामगारांच्या दोन गटांची तुलना झाली. एका गटाला नेहमीची सरळ पक्कड दिली, तर दुसऱ्याला वाकवलेल्या दांड्यांची. बारा आठवड्यांनंतर सरळ पक्कड वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना हाताच्या तक्रारी जडल्या होत्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. अर्विन टिशॉअर यांच्या लेखनामुळे हा अभ्यास सर्वत्र पोहोचला. वाकायचे असेल तर अवजाराने वाकावे, मनगटाने नव्हे, हे त्याचे सार.

केस कापण्याच्या कात्रीतले बदलही याच तत्त्वावरचे आहेत. अंगठ्याचा दांडा आखूड केला की अंगठा आपल्या जागीच राहतो. वरचा दांडा खाली झुकवला की कोपर कमी उचलावे लागते. काही कात्र्यांत अंगठ्याची कडी फिरती असते. पाते कोणत्याही कोनात नेले तरी मनगट सरळ ठेवता येते. डावखुऱ्यांसाठी पात्यांची मांडणीच उलटी असलेली कात्री लागते. उजवी कात्री डाव्या हातात धरली, तर अंगठ्याच्या दाबाने पाती एकमेकांपासून दूर जातात आणि केस कापला न जाता दुमडतो. हस्तकलेच्या तासाला डावखुऱ्या मुलाला ‘कात्री धरता येत नाही’ म्हणून रागावण्यापूर्वी हे लक्षात घ्यायला हवे.

मात्र चांगल्या आकाराची कात्री म्हणजे रामबाण औषध नव्हे. बोथट पाते किंवा फार आवळलेला स्क्रू असेल, तर उत्तम मुठीचाही उपयोग नाही, कारण जोर अंगठ्यालाच लावावा लागतो. गिऱ्हाइकाची खुर्ची वरखाली होत नसेल, तर खांदा दुखणारच. दोन गिऱ्हाइकांमध्ये विसावा मिळाला नाही, तर स्नायूंना सावरायला वेळ कुठला? ज्याची कमाई डोक्यागणिक होते, त्याला विसावा परवडत नाही आणि महागडी कात्रीही चटकन घेता येत नाही. हात दुखला म्हणून चार दिवस दुकान बंद ठेवले, तर चार दिवसांची कमाई बुडते.

वर्गात एक छोटा प्रयोग करता येईल. विद्यार्थ्यांना मनगट सरळ ठेवून मूठ घट्ट आवळायला सांगा. मग मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवून तशीच मूठ आवळायला सांगा. पकड किती ढिली पडते, हे त्यांना लगेच जाणवेल. पुढच्या वेळी केस कापायला गेल्यावर त्यांनी कात्रीचे दोन्ही दांडे सारखे आहेत का, मनगट कुठे वाकते, हे पाहावे. काम संपल्यावर कारागिराला हात कुठे दुखतो तेही विचारावे. त्याच्याकडून मिळणारी माहिती पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.