अकरावी म्हणजे कॉलेज!

महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला आपली एक गोष्ट पटकन कळत नाही. दहावी झालेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराबद्दल आपण बिनदिक्कत सांगतो, "कॉलेजला जातो आता!" दिल्लीकडे अकरावी-बारावी शाळेतच असते. तोच गणवेश, तीच प्रार्थना, तेच पालकांना बोलावणं. आपल्याकडे मात्र दहावीचा निकाल लागला की एका उन्हाळ्यात पोरगं 'कॉलेजकुमार' होतं. मिशी अजून फुटायची असते, पण गणवेश सुटलेला असतो.

हा उंबरठा दहावी-अकरावीच्या मधोमध कुणी आणि कधी आणून ठेवला, हे शोधायचं मनात होतंच. त्यात आमच्या घरी सध्या याच विषयावर वाद पेटलाय (त्याबद्दल पुढे), म्हणून आता लिहायला बसलो.

पहिली गोष्ट म्हणजे हा उंबरठा कधीच एका जागी नव्हता. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि मॅट्रिकची पहिली परीक्षा १८५९ साली झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या परीक्षेत पास झाले. पण ते कोल्हापूरहून शिकायला मुंबईला, एल्फिन्स्टनमध्ये, आले ते १८५६ च्या सुमारास, वयाच्या १४ व्या वर्षी! म्हणजे एल्फिन्स्टन आधी आणि मॅट्रिक नंतर. पुढे १८६२ साली विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले तेव्हा ते होते चौघे: रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. आजच्या हिशेबाने रानडे आले तेव्हा नववीतले म्हणायचे.

दुसरी गोष्ट अशी, की उंबरठा ओलांडला म्हणजे आत गेलोच असं नाही. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले आणि नंतर त्याच एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. इंटर झाल्यावर सयाजीराव गायकवाडांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पुढचं शिक्षण झालं. प्राध्यापक म्युलर यांनी त्यांना पुस्तकं दिली, कपडे दिले. आणि कॉलेजातला हॉटेलवाला मात्र त्यांना चहा तर सोडाच, पाणीसुद्धा देत नसे. धनंजय कीरांनी चरित्रात हे लिहून ठेवलंय. आपण सहज म्हणतो ना, "कॉलेजची पहिली चव"... काहींच्या वाट्याला ती चव अशी आली. याच माणसाने पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळचे ठेवले. कॉलेज असून भागत नाही, ते आपल्या वेळेला आणि आपल्या पायांना परवडावं लागतं, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

आता मुंबईतून आमच्या शेलारला येतो.

शेलार म्हणजे भिवंडीला लागून, कामवारी नदीच्या पलीकडे, नदी नाक्याच्या पुढे वाड्याच्या रस्त्यावर. एकेकाळी भातशेतीचं गाव, नंतर चहूकडून यंत्रमागांचा खडखडाट. आमच्या वडिलांनी १९६४ साली मॅट्रिक केलं (तेव्हा एस.एस.सी. म्हणजे अकरावी, पण घरात सगळे मॅट्रिकच म्हणत). चांगल्या मार्कांनी पास झाले. पुढे काय? कॉलेज म्हणजे मुंबई! दादरचा भाग धरला तरी माटुंग्याचं रुईया १९३७ चं आणि कीर्ती १९५४ चं, अशी कॉलेजं होती. पण तिथे पोचायचं तर आधी एस.टी.ने ठाणं किंवा कल्याण गाठायचं, मग लोकल. सकाळच्या तासाला वेळेवर पोचायचं असेल तर मुंबईत कुणाकडे तरी राहायचं. आमचं मुंबईत कुणी नव्हतं. वडील एका कारखान्यात मागांचा हिशेब लिहायला लागले आणि शेवटपर्यंत तेच करत राहिले.

काका त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. ते १९६७ साली मॅट्रिक झाले आणि कॉलेजला गेले.

बुद्धीत फरक नव्हता, उलट काकाच सांगतात की गणित त्यांना वडिलांनी शिकवलं. घरची परिस्थितीही बदललेली नव्हती. बदललं होतं ते एवढंच, की मधल्या काळात, १९६६ साली, भिवंडीतच कॉलेज निघालं. बी.एन.एन. कॉलेज! बी.एन.एन. म्हणजे 'भिवंडी निजामपूर नगरपालिका'. आता नगरपालिकेची महानगरपालिका झाली तरी कॉलेजच्या नावातली नगरपालिका तशीच आहे. ठाण्याची बांदोडकर आणि जोशी-बेडेकर ही कॉलेजं १९६९ ची, कल्याणचं बिर्ला १९७२ चं. म्हणजे या बाबतीत आमची भिवंडी ठाण्या-कल्याणच्या या कॉलेजांआधी होती. भिवंडीबद्दल कौतुकाचं असं क्वचितच ऐकू येतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

काका शेलारहून धामणकर नाक्यापर्यंत पायी जात. तास-सव्वा तास. भाडं शून्य!

एका घरातले दोन भाऊ. एकाला कॉलेज मिळालं, दुसऱ्याला नाही, आणि मधे उभी होती ती फक्त एक तारीख. आम्ही इतिहास म्हणून शाळेत ज्या सनावळ्या पाठ केल्या त्यात १९६६ हे साल या कारणासाठी कधी आलं नाही. आमच्या घरापुरतं म्हणाल तर त्याच्याइतकं मोठं साल दुसरं नाही.

आत्याची कथा वेगळी. तिला पायी जाता आलं असतं, पण तिला कुणी पाठवलं नाही. भिवंडीत १९८९ साली कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचं जी.एम. मोमीन महिला कॉलेज निघालं, तेव्हा ती म्हणाली होती, "पंचवीस वर्षं आधी निघालं असतं तर मी पण हट्ट केला असता." ते मुस्लिम संस्थेचं, आपण आगरी, वगैरे काही तिच्या डोक्यात आलं नाही. मुलींसाठी जवळ काहीतरी निघालं एवढंच तिने पाहिलं.

असो. मुख्य मुद्दा राहिला तो १९७५ चा.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध सुचवला. महाराष्ट्रात दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली आणि शाळेच्या हातातून अकरावी सुटली. ती ठेवायची कुठे? काही ठिकाणी मोठ्या हायस्कुलांना जोडली. पण वर्गखोल्या, प्रयोगशाळा आणि शिकवणारे जिथे तयार होते ती होती कॉलेजं. म्हणून पुष्कळ ठिकाणी अकरावी-बारावी कॉलेजांच्या आवारात गेली आणि तिला 'कनिष्ठ महाविद्यालय' असं भारदस्त नाव मिळालं.

सोय म्हणून केलेल्या या व्यवस्थेतून जे झालं ते मला फार मोठं वाटतं. आमच्यासारख्या गावांत बारावीनंतर पुष्कळ मुलं थांबतात. कुणी मागावर, कुणी गोदामात, कुणी रिक्षावर. मी १९८९ साली अकरावीला गेलो तेव्हा आमच्या आळीतले सहाजण होतो. बारावीनंतर पुढे गेलो दोघं. राहिलेल्या चौघांचं आयुष्यभराचं कॉलेज म्हणजे ती दोन वर्षं! अकरावी शाळेत राहिली असती तर ते कॉलेजची पायरी न चढताच मोठे झाले असते.

आणि त्या दोन वर्षांत काय होतं हो एवढं? माझंच सांगतो. पहिल्या दिवशी सरांनी मला "तुम्ही" म्हटलं. मागे वळून पाहिलं, कुणा मोठ्याला बोलतायत की काय! नावाऐवजी रोल नंबर. तास संपला की पुढच्या वर्गाकडे आपण चालत जायचं. तास बुडवला तर छडी नाही, आणि म्हणूनच बुडवताना पहिल्यांदा आपल्यालाच विचार करावा लागला. शाळेत माझ्या बाकावर आमच्याच गावचा मुलगा असायचा. इथे एका बाजूला उर्दू शाळेतून आलेला मोमीन, दुसऱ्या बाजूला वाड्याकडच्या पाड्यावरून दोन गाड्या बदलून येणारा वारली मुलगा. तिघांनाही कॉमर्सचं इंग्रजी पुस्तक सारखंच परकं! डेबिट-क्रेडिट आम्ही तिघांनी मिळून तीन भाषांत समजून घेतलं. भिवंडीने १९७० आणि १९८४ ला दंगलींत जे पाहिलं ते आमच्या तिघांच्याही घरात रात्री बोललं जायचं. बाकावर मात्र चहाचे पैसे कोण देणार यावर भांडण व्हायचं. एक चहा, तीन बशा.

म्हणजे कॉलेजची पहिली चव ही अभ्यासाची नव्हती. आपल्याला कुणीतरी मोठं समजतंय, आणि आपल्या आळीपलीकडे माणसं आहेत, याची ती चव होती.

आता वादाकडे येतो. पुतणी दहावी झाली. अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायचा आहे. मुंबई परिसरात ही पद्धत २००९ साली आली, २०२५ पासून तर सगळ्या राज्यात आहे. पसंतीक्रम, गुणवत्ता यादी, सगळं व्यवस्थित. पण घरचा बेत असा, की प्रवेश कुठल्यातरी कॉलेजात नावापुरता घ्यायचा आणि दोन वर्षं दिवसभर क्लासमध्ये बसायचं. याला 'इंटिग्रेटेड' म्हणतात. हे इतकं वाढलं होतं की २०१८ साली सरकारला विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीसाठी बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. दुसरीकडे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात नववी ते बारावी हा एकच टप्पा धरलाय. म्हणजे कागदावर अकरावी पुन्हा शाळेकडे चाललीय, आणि प्रत्यक्षात क्लासकडे.

माझा क्लासला विरोध नाही. नीटचे मार्क चहाच्या बशीतून येत नाहीत, हे मलाही कळतं. दादाचं म्हणणं की एक वर्ष वाया गेलं तर भरून कोण देणार, तेही खरं. पण ज्या घरात एकाला कॉलेज नव्हतं म्हणून जाता आलं नाही आणि दुसरीला पाठवलं नाही म्हणून जाता आलं नाही, त्या घरातल्या मुलीने कॉलेज जवळ असून, प्रवेश असून, रिक्षाचे पैसे असून आत पाऊलच टाकू नये? मला हे पचत नाही.

मी एवढंच सुचवलंय, की क्लास संध्याकाळचा लावा. सकाळी ती कॉलेजला जाऊ दे. तास बुडवायचे की नाही हे तिला ठरवू दे.

वहिनी अजून काही बोललेल्या नाहीत. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "तिला विचारलंत का कुणी?"

खरंच, ते राहिलंच होतं.